केबिन तापवायच्या नादाला लागू नका

हिटर नसलेला जुना ट्रक हिवाळ्यात चालवणाऱ्याला दोन प्रकारचे सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो, "विकून टाक ना ते धूड, कशाला हाल करून घेतोस?" दुसरा म्हणतो, "त्यात काय एवढं, छोटी शेगडी ठेव पायाशी." पहिल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याला जुन्या इंजिनाचा आवाज म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्याला आपण काय समजावणार! दुसऱ्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण त्याचा सल्ला जिवावर बेतणारा आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो. अशा ट्रकची केबिन तापवायच्या नादाला लागू नये. ऊब धरायची ती आत बसलेल्या माणसाभोवती, आणि तीही शक्यतो त्याच्या स्वतःच्या अंगाची.

केबिन म्हणजे काय, तर एकेरी पत्रा, एकेरी काच आणि त्यांच्या सांध्यात वाळून कडक झालेली रबरं. आत कराल तेवढी ऊब पत्रा बाहेर देऊन टाकतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण 100 वॅट उष्णता टाकत असतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. एवढ्यावर पत्र्याची खोली तापत नाही. पण तीच उष्णता अंगापासून दोन-तीन इंचांत अडवून धरली, तर कडाक्याच्या थंडीतही माणूस तासन् तास बसू शकतो. नव्या गाड्यांनी आपल्याला शर्टावर बसून बटण फिरवायची सवय लावली आहे. जुन्या काळी कित्येक गाड्यांवर हिटर ही जादा पैसे मोजून बसवून घ्यायची चीज होती, आणि ड्रायव्हर बाहेर उघड्यावर उभं राहायचं आहे अशा बेतानेच कपडे घालून निघायचा. ते बरोबर होतं असं माझं मत आहे. ट्रक बंद पडला तर नाहीतरी उघड्यावरच उभं राहावं लागतं.

पण कपड्यांच्या आधी वारा. थंडी सोसता येते, वारा सोसत नाही. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा संशोधकांनी अंटार्क्टिकावर 1940 च्या सुमारास पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं नळकांडं वाऱ्यात टांगलं आणि आतलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. 1945 मध्ये ते काम छापून आलं आणि हवामानखात्यांच्या तोंडी असलेली 'विंड चिल'ची, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जास्त लागते ते सांगायची, भाषा तिथून रूढ झाली. पुढे 2001 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने सूत्र सुधारून घेतलं. त्या हिशेबाने हवा 0 अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी 40 किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ती उणे 7 सारखी लागते. हवा उणे 10 आणि वारा 30 चा असेल, तर उणे 20 च्या आसपास. आपला ट्रक तर स्वतःच वारा तयार करतो. वेग घेतला की पुढच्या बाजूच्या प्रत्येक भोकातून हवा दाबाने आत घुसते. सगळी केबिन वाऱ्याने भरत नाही, पण क्लचच्या दांड्याशेजारच्या फटीतून येणारी बोटभर जाडीची धार नेमकी नडगीवर बसते आणि तासाभरात तो पाय आपला आहे की लाकडाचा हे कळेनासं होतं.

ही भोकं शोधायची माझी आवडती पद्धत सांगतो. रात्री ट्रक अंधारात उभा करायचा, बॉनेट उघडायचं. एकाने इंजिनाच्या बाजूने मोठी बॅटरी पत्र्यावर फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने केबिनमध्ये खाली डोकं घालून बसायचं. आत चांदण्या दिसायला लागतात. कधीकाळी कुणी काढून टाकलेल्या केबलची भोकं, वायरिंगच्या जुडग्याभोवतीचं फाटकं रबर, पेडलांच्या लांबट खाचा, गंजून चाळणी झालेला पत्र्याचा कोपरा. गिअरच्या दांड्याभोवतीचं रबरी बूट तर जवळजवळ प्रत्येक जुन्या ट्रकात फाटलेलं असतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. खडूने खुणा करायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकेक बुजवायचं. भोकाला रबराचं ग्रोमेट (भोकात घट्ट बसणारी कडी), पेडलच्या खाचेला चीर दिलेली जाड रबराची पट्टी, गंजाला पत्र्याचा तुकडा. फोम किंवा कापड कोंबायचा मोह होतो, पण एक्झॉस्टच्या पाइपाजवळ ते अजिबात नको. दरवाज्याच्या रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथून वारा येतोय. पायाखाली जाड नमदा आणि त्यावर रबरी मॅट घाला. मात्र नमदा अधूनमधून उचलून बघा. तो ओला राहिला तर खालचा पत्रा खाऊन टाकतो आणि पुन्हा भोकं पडतात.

हे काम थंडीपुरतं नाही. इंजिनाकडून केबिनमध्ये येणाऱ्या त्याच भोकांतून गळक्या एक्झॉस्टचा धूरही येतो. म्हणून मला कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: बॉनेटच्या मागचा पत्रा. स्वेटर नंतर घ्या.

आता गंमत बघा. भोकं बुजवली, दारं घट्ट झाली, की काच धुरकट व्हायला लागते. आपल्या श्वासातली वाफ आधी फटींतून निघून जात होती, ती आता जाऊन थंड काचेवर बसते. कडक थंडीत तर आतून बर्फाचा पापुद्रा धरतो आणि ड्रायव्हर एका हाताने स्टेअरिंग, एका हाताने फडकं असा जातो. ऊब हवी तर काच जाते आणि काच हवी तर ऊब जाते, या कात्रीतून हिटरशिवाय पूर्ण सुटका नाही. अशा वेळी काचेची बाजू घ्यायची, यात दुमत असू नये. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस सुरक्षेचे नियम आले, तेव्हा सक्ती झाली ती पुढच्या काचेवरचं धुकं आणि बर्फ घालवण्याच्या सोयीची. ड्रायव्हरच्या पायांना ऊब मिळते का, हे त्यांनी विचारलं नाही. प्राधान्यक्रम अगदी बरोबर होता.

तेव्हा काच बोटभर खाली ठेवायची, किंवा बॉनेट आणि काच यांच्या मधला झरोका असेल तर तो थोडा उघडायचा. मागची खिडकी उघडू नये. चालत्या ट्रकच्या मागे हवा घुटमळते आणि सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जाऊ शकतो. निघण्यापूर्वी बुटांचा बर्फ झाडून आत चढा. ओली ताडपत्री, ओले दोर, ओलं जॅकेट केबिनमध्ये टाकू नका. आणि काच आतून स्वच्छ धुवा. मळकट काचेवर धुकं लवकर धरतं.

कपड्यांबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, म्हणून थोडक्यात. अंगालगत सुती नको. सुती कपडा घाम पितो आणि ओलाच राहतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. आत लोकर, मध्ये फुगीर काहीतरी, वर वारा न शिरणारं. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते हे खोटं आहे. डोक्याचं क्षेत्रफळ जेवढं, साधारण तेवढ्याच प्रमाणात ती जाते. तरी कानटोपी घालाच, कारण कान दुखायला लागले की रस्त्यावर लक्ष राहत नाही. भारी फुगीर जॅकेटवर सीटबेल्ट बांधला तर तो अंगाला लागतच नाही, नुसता जॅकेटला लागतो. बेल्ट आत, जॅकेट वरून. आणि कमरेखाली लोकरी ब्लँकेट घ्यायचं असेल तर त्याची कडा मांड्यांखाली नीट खोचा. ते घसरून पेडलांत अडकलं तर पुढचं सांगायला नको.

खरी लढाई हातापायांची. शरीराला थंडी वाजली की ते आधी काळीज आणि आतडी सांभाळतं आणि बोटांचं रक्त आखडतं घेतं. म्हणून अंग उघडं आणि हातात जाड हातमोजे हा उलटा कारभार आहे. धड गरम असेल तर बोटांना रक्त मिळतं. हातमोजे काढून शर्टाच्या बाह्या नीट खाली ओढा, मनगट झाका, मग फरक बघा. स्टेअरिंगचं चाक जुन्या ट्रकात बारीक, गुळगुळीत आणि बर्फासारखं गार असतं. त्याला चामड्याचं किंवा जाड कापडाचं वेष्टण शिवून घेतलं तर हातमोजे पातळ चालतात. मला पातळ लोकरी हातमोजे आणि वर चामड्याचे, अशी जोडीच बरी वाटते. बोटांची कातडी 15 अंशांच्या खाली गेली की बारीक कामं चुकायला लागतात. चोक ओढणं, इंडिकेटरची खिटी शोधणं, किल्ली कुलपात घालणं, सगळंच. बोटं ठणकतायत तोवर ठीक. ठणका थांबला आणि स्पर्श कळेना झाला, की गाडी बाजूला घ्यायची वेळ झाली.

पायांबाबत लोकांचा हट्ट असतो तो दोन-तीन मोजे घालून बुटात कोंबायचा. घट्ट बुटात रक्त खेळत नाही आणि हवाही उरत नाही. एक जाड लोकरी मोजा, एक नंबर मोठा बूट आणि आत नमद्याचा तळवा, बस. तळ फार जाड नको, क्लच कुठे धरतो ते पायाला कळायला हवं. क्लचवरचा पाय मधूनमधून हलतो तरी. ॲक्सिलरेटरवरचा मात्र तासभर एकाच जागी राहतो आणि तोच आधी गारठतो. बोटं आतल्या आत आवळत-सोडत राहा. तासाभराने उतरून ट्रकला दोन फेऱ्या मारा. टायर-दिवे बघणं होतं, स्नायूंना काम मिळतं, आणि स्नायूंइतकी झटपट ऊब दुसरं काही देत नाही.

आता वीज. सीटवर टाकायची गरम होणारी गादी किंवा तसलीच बंडी मला मान्य आहे, कारण ती हवा तापवत बसत नाही, थेट माणसाला लागते. पण जुन्या ट्रकचा डायनामो काय देतो ते आधी बघा. अनेक जुन्या डायनामोंची ताकद 20-25 अँपिअरच्या घरात असते आणि इंजिन सावकाश फिरत असताना ते जवळजवळ काहीच देत नाहीत. 12 व्होल्टवर 45 वॅटची गादी चारेक अँपिअर ओढते. हेडलाइट, वायपर आणि गादी एकदम चालू, वर थंडीने अर्धमेली बॅटरी. 6 व्होल्टचा ट्रक असेल तर तेवढ्याच वॅटला दुप्पट करंट लागतो, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एक गादी, वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज, आणि इंजिन बंद तर गादीही बंद. वीज नकोच असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी मांडीवर ठेवली तरी बराच वेळ पुरते. ती बिघडायलाही काही नसतं.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावायचा की नाही यावर जुन्या ड्रायव्हरांत कायम जुंपते. माझं मत: आधी थर्मोस्टॅट बघा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. तो उघडाच अडकलेला किंवा कुणीतरी काढून फेकलेला असेल, तर इंजिन कधी तापतच नाही, मग पुठ्ठा हा नुसता मलमपट्टीचा प्रकार. थर्मोस्टॅट धड असूनही तापमानाचा काटा वर येत नसेल तर अर्धा रेडिएटर झाका आणि चढावर काट्यावर नजर ठेवा. गरम इंजिनामागचा पत्रा पायांना थोडी ऊब देतोच.

आणि आता ती शेगडी. कोळसा असो, रॉकेल असो की गॅस, बंद केबिनमध्ये जाळ नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने धरून ठेवतं. डोकं जड होतं, गुंगी येते, आणि गुंगी आलेल्या माणसाला वाटतं की थंडीने आणि जागरणाने झोप येतेय. "मी काच थोडी उघडी ठेवतो" हे उत्तर मला पटत नाही. किती उघडी पुरेल याचा अंदाज तुम्हाला नाकाने लागणार नाही. वर मघाची काच आहेच. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन केबिनमध्ये पसरतं. म्हणजे जीव वाचला तरी समोरचं दिसणार नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवरून) हवा ओढून केबिनमध्ये सोडणारे जुने हिटर काही ट्रकांवर असतात, त्यांचीही तीच भीती. मॅनिफोल्डला तडा गेला की धूर सरळ आत. असला हिटर नीट तपासून घ्या, नाहीतर काढून टाका. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं आहे का ते बघा.

दारूबद्दल एवढंच की ती कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून गरम वाटतं आणि आतली उष्णता मात्र बाहेर जात असते. गाडी चालवताना ती नकोच, पण थांबल्यावरही थंडीवरचा उपाय म्हणून नको.

शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांच्या खाली गेलं की त्याला वैद्यकात हायपोथर्मिया म्हणतात, पण गडबड त्याआधीच सुरू झालेली असते. शब्द अडखळतात, वळण उशिरा लक्षात येतं, चिडचिड होते. बरोबर कुणी असेल तर बोलत राहा, म्हणजे ते त्याला कळेल. एकटे असाल तर थांबायच्या जागा निघण्याआधीच ठरवून ठेवा, कारण गारठलेलं डोकं "अजून थोडं पुढे जाऊ" असंच म्हणतं.

सीटच्या मागे मी कोरडे मोजे, हातमोज्यांची जादा जोडी, एक ब्लँकेट, फावडं आणि काच खरवडायची पट्टी ठेवतो. मोजे आणि हातमोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, कारण जुन्या ट्रकात सीटमागे कुठून पाणी झिरपेल याचा नेम नसतो.