लाल, हिरवा, मोदक

गेल्या रविवारी कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात मी पसंत केलेला चार फुटी एलईडी दिवा माझ्या डोळ्यांदेखत एक गृहस्थ घेऊन गेले. माशांसाठी नव्हे, गणपतीच्या मखरासाठी.

माझी टाकी चार बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे साडेचारशे लिटर. आत खऱ्या वनस्पती. उजेड कमी पडला की त्या विरघळतात, जास्त झाला की शेवाळ माजतं. दुकानदाराने हिशेब सांगितला, "लिटरला अर्धा वॅट, काका. सव्वादोनशे वॅट घ्या." हा हिशेब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडीला तो लावला तर टाकीत नुसती शेवाळाची शेती. मी विचारलं, "पार किती आहे?" पार म्हणजे पीएआर, वनस्पतींना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप.

"पार? एकदम आरपार जातो काका, तळापर्यंत!"

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "टाकी कुठल्या दिशेला आहे?"

सफारीतले गृहस्थ. हातात माशांच्या खाण्याचा डबा. मी म्हटलं, बेडरूमच्या भिंतीला.

"झालं! मग दिवा बदलून काय उपयोग? आधी बेडरूम बदला. आमच्याकडे फ्लॉवरहॉर्न मासा आहे, बरोबर उत्तरेला. झिरोचा बल्ब. संध्याकाळी आमच्याबरोबर मालिका बघतो."

"मला झाडांसाठी हवाय हो."

"झाडं बाल्कनीत लावा ना! पाण्यात मुळं कुजतात."

"तळ्यात नाही कुजत?"

"तळ्याला मालक नसतो," ते म्हणाले. यावर काय बोलणार? मी अजूनही उत्तर शोधतोय.

मग त्यांनी माझ्या हातातलं खोकं स्वतःकडे घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "बघा, लुमेन लिहिलेत. भरपूर आहेत." आता लुमेन हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं माप. माझ्या टाकीत पेपर वाचत कुणी बसलेलं नाही. वनस्पतींना चारशे ते सातशे नॅनोमीटरमधला प्रकाश लागतो आणि तो तळाशी किती पोचतो हे महत्त्वाचं, कारण दोन फूट खाली जाताजाता त्याचा बराचसा भाग हरवतो. हे सगळं मी सांगितलं. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटतंय.

"रिमोट आहे का याला?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

होता. लाल, हिरवा, निळा, शिवाय वीज चमकल्याचा खेळ. दुकानदाराने तो चमकवून दाखवला आणि गृहस्थांचे डोळेच उजळले. "मखराला मागून लावला तर? मोदकावर काय दिसेल!" पैसे काढलेसुद्धा. मी म्हटलं, अहो, तो मी घेत होतो. "तुम्ही अजून पार शोधताय ना, शोधा निवांत," ते म्हणाले आणि डबा विसरून दिवा घेऊन गेले. दुकानात तो शेवटचाच होता.

बाप्पाला विरोध नाही. पण चीड त्या खोक्याचीही येते. त्यावर आठ रंगांचे मासे, अप्सरेसारखा प्रवाळ, वॉरंटीच्या अटी, सगळं छापतात. किती इंच खाली किती प्रकाश पडतो एवढंच छापत नाहीत. आणि मोजणारं यंत्र घ्यायचं तर ते दिव्यापेक्षा महाग. इकडे माझी रोटाला मॅक्रँड्रा, आपल्याच पश्चिम घाटातली, ओढ्याकाठी फुकट लालबुंद होणारी, माझ्याकडे डबीतून विकत आली आणि आता फिकट पडून पानं गाळतेय. क्रिप्टोकोरिन तेवढी मजेत आहे, तिला अंधारच आवडतो. पण टाकीभर नुसत्या क्रिप्टो लावायच्या तर दिवा शोधायची वणवण कशाला?

काल दुकानदाराचा फोन आला. "काका, माल आलाय. फक्त तीन फुटीच आहे."

"अहो, टाकी चार फूट आहे."

"मग काय झालं? चौथ्या फुटात मासे झोपतील."

मी दर विचारला.