बोटांच्या ठशांत चौथीचे वाचन सापडत नाही

गेल्या महिन्यात आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश आला. त्याचा सारांश असा: दहा बोटांचे ठसे म्हणजे मेंदूचा नकाशा, 'डीएमआयटी' नावाच्या चाचणीत ते यंत्रावर घेतले की मुलाची उपजत बुद्धिमत्ता, शिकण्याची पद्धत, त्याला योग्य असलेला खेळ आणि दहावीनंतरची शाखा एकाच अहवालात कळते, चाचणी 95 टक्के अचूक आहे, म्हणून मूल अभ्यासात मागे असेल तर शिकवण्या आणि डॉक्टर यांच्यामागे धावण्यापेक्षा अहवालाप्रमाणे मार्गदर्शन करावे. असे संदेश मी उघडतही नाही. हा उघडावा लागला, कारण त्याखाली माझ्या धाकट्या बहिणीने लिहिले होते, 'ताई, आम्ही करून घेतली. अगदी तंतोतंत आली आहे.'

तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत आहे आणि दुसरीपासून वाचनात अडखळतो आहे. मी विशेष शिक्षिका आहे आणि 'याला एकदा तपासून घे' असे तिला दोन वेळा सांगितले होते. तपासणी झाली ती अशी. स्पायरल बांधणीच्या, रंगीत वर्तुळे आणि आलेख असलेल्या त्या जाडजूड अहवालात लिहिले आहे की मुलगा 'कायनेस्थेटिक' म्हणजे हालचालीतून शिकणारा आहे, त्याच्याकडे वाचनाचा आग्रह धरू नये आणि त्याला जलतरणाला घालावे.

संदेशातला पहिला मुद्दा दहा बोटांचा. डावा अंगठा मेंदूच्या या भागाचा, उजवी करंगळी त्या भागाचा, अशी वाटणी त्यात दिली आहे. मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलाचे शरीरशास्त्रात चार मुख्य खंड मानतात: कपाळामागचा, माथ्याखालचा, कानाजवळचा आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा. हाताला बोटे मात्र पाच असल्यामुळे या मंडळींनी कपाळामागच्या खंडाचे दोन तुकडे करून हिशेब जुळवला आहे, आणि दृष्टीचे काम करणारा मागचा खंड करंगळीच्या वाट्याला दिला आहे. प्रत्यक्षात एका हाताच्या पाचही बोटांच्या स्पर्शाची नोंद विरुद्ध बाजूच्या अर्धगोलात, माथ्याखालच्या खंडाच्या एकाच पट्ट्यात, शेजारी शेजारी होते. करंगळीचा डोळ्यांशी संबंध जोडणारी ही वाटणी कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

दुसरा मुद्दा असा की ठसे आणि मेंदू गर्भात एकाच काळात घडतात, म्हणून एकावरून दुसरा ओळखता येतो. यात अर्धे सत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. बोटांवरच्या रेषा साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात, त्वचा आणि मज्जासंस्था गर्भाच्या एकाच थरातून येतात, आणि या रेषांचा अभ्यास करणारे खरे शास्त्रही आहे. 'डर्मॅटोग्लिफिक्स' हे त्याचे नाव हॅरोल्ड कमिन्स यांनी 1926 साली रूढ केले. डाउन सिंड्रोम असलेल्या सुमारे निम्म्या मुलांच्या तळहातावर एकच आडवी रेघ दिसते, हेही खरे. पण तशी रेघ पूर्ण निरोगी माणसांतही आढळते, आणि निदान होते ते गुणसूत्रांच्या तपासणीने. रेघ पाहून कोणताही बालरोगतज्ज्ञ निदान लिहून देत नाही. त्याच थरातून नखे आणि दातांचे एनॅमलही येते, तरी नखे पाहून शाखा निवडून देणारे अजून कोणी निघालेले नाही. शिवाय जन्माच्या वेळी मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या जेमतेम चौथाई असते. उरलेली सगळी वाढ ठसे पक्के झाल्यानंतरची आहे.

अहवालात 'एकूण रेषासंख्या' म्हणजे शिकण्याची उपजत क्षमता असेही छापले आहे. रेषांची ही मोजणी खरोखर केली जाते. ब्रिटनमधील प्रसिद्ध मोजणीत दहा बोटांची मिळून सरासरी पुरुषांत सुमारे 145 आणि स्त्रियांत सुमारे 127 भरली होती. या चाचणीचे तर्कशास्त्र मानायचे तर माझी बहीण तिच्या नवऱ्यापेक्षा उपजतच कमी बुद्धीची ठरते. घरचे सगळे हिशेब तीच ठेवते, याची मी तिला आठवण करून दिली, तेव्हा ती प्रथमच हसली.

आता ज्या मुद्द्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते. 'मुलाची शिकण्याची पद्धत ठशांवरून कळते आणि त्याच पद्धतीने शिकवले की अडचण दूर होते' हे विधान या संदेशातील सर्वांत घातक विधान आहे, कारण बाकीची ऐकून सोडून देता येतात, हे मात्र मुलाची वर्षे खाते. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे आणि हालचालीतून शिकणारे अशी मुलांची विभागणी ठशांविनाही टिकत नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 साली उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला, आणि मुलाच्या 'पद्धती'प्रमाणे शिकवल्याने ते अधिक शिकते याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ठशांच्या चाचणीविषयी तर इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, म्हणजे आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, 2019 साली जाहीर भूमिका घेऊन तिला वैज्ञानिक आधार नसल्याचे सांगितले आहे. बहिणीने मला गटावर 'पुरावा दे' म्हटले होते, तेव्हा मी हेच एक निवेदन पुढे केले. त्यावर संदेश पाठवणाऱ्या मामेभावाने हात जोडल्याचे चित्र टाकले आणि विषय तिथेच थांबला.

रविवारी मी भाच्याला घेऊन बसले. त्याच्याच पाठ्यपुस्तकातला न झालेला धडा उघडला आणि मोबाइलवर एक मिनिट लावले. त्याने 24 शब्द वाचले, त्यांतले आठ चुकले. 'पर्वत' त्याने 'पतंग' असा वाचला, 'सूर्य' पाशी थांबून माझ्या तोंडाकडे पाहिले, 'प्रकाश' चा 'परकाश' केला. 'बाग', 'माणूस', 'नदी' हे शब्द मात्र बिनचूक आले. नंतर तोच धडा मी त्याला वाचून दाखवला, तर त्याने सगळी गोष्ट क्रमाने, स्वतःची एक शंका घालून सांगितली. त्याला ऐकलेले समजते, काना-मात्रा येतात, जोडाक्षर आणि रफार आला की तो पहिले अक्षर पाहून अंदाज करतो: इतकी माहिती एका मिनिटाच्या वाचनातून मिळाली, आणि ती त्या जाड अहवालाच्या एकाही पानावर नाही.

मदतीची आखणी येथून सुरू होते. मुलाला आज काय येते ते मोजायचे, नेमकी कोणती पायरी निसटते आहे ते शोधायचे, त्या एका पायरीसाठी रोजची वीस मिनिटे ठरवायची, वर्गशिक्षिकेला त्यात सामील करून घ्यायचे, आणि सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. फरक नसेल तर मुलाला दोष न देता पद्धत बदलायची. ठशांचा अहवाल या कामाला निरुपयोगी आहे, कारण ठसे बदलत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी केली तरी उत्तर तेच येणार, मग मूल सुधारले की नाही हे कळणार कसे? वाळूत अक्षर गिरवणे, जोडाक्षराचे पत्ते सरकवून जुळवणे हे हालचालीचे उपाय मीही वापरते, पण ते ज्याला जोडाक्षर येत नाही त्या प्रत्येकासाठी. त्यासाठी कोणाच्या अंगठ्यावर चक्र आहे की शंख हे मी आजवर पाहिलेले नाही.

आणि 'वाचनाचा आग्रह धरू नये' या एका ओळीने काय घडले? बहिणीने रात्रीचे वाचन बंद केले, आणि खरी तपासणी राहूनच गेली. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या अडचणीचा, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेश आहे, अधिकृत शासकीय रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते, आणि त्या आधारावर दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. भाच्याला ही अक्षमता आहेच असे मी म्हणत नाही. ते तपासणीनंतरच ठरेल. शासकीय आणि अनुदानित शाळांत तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येऊन मुलांना विनामूल्य तपासते आणि गरज भासल्यास पुढे पाठवते. बहिणीने त्या अहवालासाठी साडेचार हजार रुपये मोजले होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवते. अहवाल आल्यापासून मेहुण्यांनी मुलावर ओरडणे थांबवले आहे, 'आळशी' हा शब्द घरातून गेला आहे, आणि मुलगा मोकळा झाला आहे. हे चांगलेच झाले, पण त्यासाठी ठसे लागायला नको होते.

खेळाचा मुद्दा थोडक्यात. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत 50 मीटर धावणे, 600 मीटर धावणे, बसून पुढे वाकणे, पुशअप अशा गोष्टी मोजतात, म्हणजे खेळाला लागते तेच. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याला वडिलांनी 2009 साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे वर्षभर शारीरिक सराव केल्यानंतर त्याने नेमबाजी निवडली, आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. भाच्याला पोहायला आवडते, तर त्याने जरूर पोहावे. ते त्याने स्वतःच मागच्या उन्हाळ्यात सांगितले होते.

राहिले ते 95 टक्के आणि 'तंतोतंत'. ही टक्केवारी कशाशी ताडून काढली, याचा अहवालात उल्लेखच नाही. तंतोतंत वाटण्याचे कारण जुने आहे. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे स्वतंत्र स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला, आणि 'हे तुमचेच वर्णन किती आहे' या प्रश्नावर त्यांनी सरासरी पाचपैकी 4.26 गुण दिले. मी बहिणीला अहवालाचे चौथे पान वाचून दाखवले: 'मूल संवेदनशील आहे, प्रेमाने सांगितल्यास ऐकते, आवडीच्या विषयात रमते.' मग तिच्या थोरल्या मुलीचे नाव घेऊन तेच पान पुन्हा वाचले.

तिने अहवाल मिटला आणि वर्गशिक्षिकेचा नंबर शोधायला लागली. रोजची वीस मिनिटे सोमवारपासून सुरू झाली आहेत, आधी फक्त रफार. आठ आठवड्यांनी मी पुन्हा एक मिनिट लावणार आहे.