‘1970 पूर्वीची’ बुद्धमूर्ती म्हणजे निर्धोक मूर्ती नव्हे

प्राचीन बुद्धमूर्ती जमवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरत असतो: मूर्ती 1970 पूर्वी भारताबाहेर गेलेली असावी, तिच्यापुढे ‘जुना खाजगी संग्रह’ असा उल्लेख असावा आणि चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदीत ती सापडू नये, मग ती बेलाशक घ्यावी. हा सल्ला तिन्ही बाजूंनी फसवा आहे.

1970 हे पुराणवस्तूंची चोरटी आयात-निर्यात रोखण्यासाठी झालेल्या युनेस्कोच्या कराराचे साल. अमेरिकेतील संग्रहालय-संचालकांच्या संघटनेने 2008 मध्ये खरेदीसाठी ती सीमारेषा मानली, एवढाच त्याचा अधिकार. त्याआधी सगळे मोकळे रान होते असे मुळीच नाही, कारण भारतातून पुराणवस्तू बाहेर नेण्यास 1947 च्या कायद्यानेच परवाना लागू केला होता. शिवाय चोरी जुनी झाली म्हणून तिची मालकी होत नाही. नालंद्याच्या संग्रहालयातून ऑगस्ट 1961 मध्ये चौदा मूर्ती चोरीला गेल्या. त्यांपैकी चांदीचे जडावकाम असलेली, बाराव्या शतकातली ब्राँझची बुद्धमूर्ती 2018 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तच्या कलाबाजारात विक्रीला आलेली अभ्यासकांच्या नजरेस पडली. मेण वितळवून केलेल्या ओतकामात साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे तंतोतंत तशी दुसरी मूर्ती निघत नाही. म्हणूनच जुन्या छायाचित्रांशी ताडून तिची ओळख पटवता आली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला लंडनच्या पोलिसांनी ती भारतीय उच्चायुक्तालयाच्या हवाली केली. चोरी 1961 ची असूनही 1970 ची रेषा 2018 मध्ये ती बाळगणाऱ्याच्या कामी आली नाही.

‘जुना खाजगी संग्रह’ हे शब्द तर कोणीही टंकून देऊ शकतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने 2007 मध्ये मथुरेच्या लाल वालुकाश्मातील कुषाणकालीन बुद्ध 10 लाख 80 हजार अमेरिकी डॉलरना घेतला. एका संग्राहकाने तो 1964 ते 1966 च्या दरम्यान हाँगकाँगमध्ये विकत घेतला, असे कागदोपत्री सांगितले होते. हा इतिहास बनावट निघाला, 2016 मध्ये मूर्ती भारताला परत द्यावी लागली, आणि ती विकणाऱ्या न्यू यॉर्कच्या विक्रेतीने 2021 मध्ये चोरीच्या पुराणवस्तूंच्या व्यवहारांबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल केला. एवढी मोठी संस्था जिथे फसते, तिथे हौशी ग्राहकाने तारखेची पावती, निर्यातीचा परवाना, जहाजाची कागदपत्रे किंवा निदान जुने छायाचित्र मागायला संकोच कशाचा करायचा?

राहिली चोरीची नोंद. तिथे तक्रार झालेल्या वस्तूच असतात. पाकिस्तानातल्या स्वातच्या खोऱ्यात रात्रीतून उकरून काढलेले गांधार शैलीतले मस्तक कोणी आधी पाहिलेलेच नसते, मग त्याची तक्रार करणार कोण?

‘मग संग्रहच करायचा नाही का?’ हा यावरचा ठरलेला प्रश्न. भारतात तरी तो गैरलागू आहे. 1972 च्या पुराणवस्तू कायद्यानुसार, जो 1976 पासून अमलात आला, शंभर वर्षांहून जुने शिल्प नोंदणी करून बाळगता येते आणि परवानाधारक विक्रेत्याकडून देशातल्या देशात घेताही येते. खाजगी व्यक्तीला ते निर्यात मात्र करता येत नाही. तेव्हा मुंबई-पुण्यातल्या खरेदीदाराने आधी नोंदणी प्रमाणपत्र मागावे, त्यावरचे छायाचित्र समोरच्या मूर्तीशी ताडून पाहावे आणि हस्तांतरण झाल्यावर ते नोंदणी अधिकाऱ्याला कळवले गेले आहे याची खात्री करून घ्यावी.