बेलूने उचललेलं नाणं

परवा रविवारी बाहेर धो धो पाऊस आणि घरात सुट्टीला आलेली भाची. म्हटलं चल, ‘बूट पॉलिश’ बघू. १९५४ चा, राज कपूरच्या आर. के. फिल्म्सचा.

मी तो पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला, बाबांना चिकटून बसून. डोक्यात राहिली ती गाणीच. ‘नन्हे मुन्ने बच्चे’ तर आमच्या शाळेच्या गॅदरिंगला ठरलेलं. रफी आणि आशाबाई, शंकर-जयकिशन, शैलेंद्रचे शब्द. छान कपड्यांतली पोरं मुठी वळून नाचायची आणि पालक टाळ्या वाजवायचे. आपण त्या गाण्याचं पार साखरपाणी करून टाकलंय, असं आता वाटतं. तुझ्या मुठीत काय आहे, असं ज्यांना विचारलंय ना, त्या भोला-बेलू या भावंडांच्या मुठीत तोवर भिकेची चिल्लर होती. आई गेलेली, बाप तुरुंगात, आणि काकी मारून मुटकून भीक मागायला लावतेय.

वस्तीतला लंगडा जॉनचाचा त्यांना सांगतो, हात पसरू नका, काम करा. हे काम केलंय डेव्हिडनी. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. आडनावातलं चेऊल म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल. तुरुंगातलं ‘लपक झपक’ मन्ना डेंच्या आवाजात ते असं काही रंगवतात की भाची सोफ्यावरून उठून नाचली. फिल्मफेअर मिळालं त्यांना या भूमिकेसाठी, आणि ते मिळायलाच हवं होतं.

पोरं पैसे लपवून साठवतात, ब्रश आणि पॉलिश घेतात. आणि मग पाऊस लागतो. पावसात बुटांना पॉलिश कोण करून घेणार? मुंबईत पावसाळा काढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. धंदा बसतो, जॉनचाचाला पोलीस नेतात, पोटात अन्नाचा कण नाही. अशात कुणीतरी एक नाणं फेकतं. भोला हात लावत नाही. बेलू उचलते. आणि भोला तिच्या थोबाडीत मारतो.

भाची म्हणाली, “मावशी, तिचं काय चुकलं गं? भूक लागली होती ना तिला.”

लहानपणी मी भोलाच्या बाजूने होते. आता नाही. स्वाभिमान मोठाच, पण उपाशी पोराकडून तो मागायचा हक्क आपल्याला नाही, आणि हे सगळं त्या पोरीच्या चेहऱ्यावर एकही वाक्य न बोलता दिसतं. शेवटी श्रीमंत घर मिळून सगळं सुरळीत होतं, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. बेलूचा तो चेहरा मात्र खरा आहे.

ती बेबी नाझ. जेमतेम दहा वर्षांची होती. १९५५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. कमावत्या पोराची गोष्ट सांगणारी ही मुलगी स्वतःच कमावती होती, हे मला फार लागतं. मोठेपणी तिच्या वाट्याला तशी भूमिका पुन्हा आली नाही. पण श्रीदेवीच्या सुरुवातीच्या कितीतरी हिंदी चित्रपटांना आवाज नाझचा आहे. आपण सगळ्यांनी तो ऐकलाय, ओळखला मात्र नाही. १९९५ साली ती गेली.

हे सांगितल्यावर भाचीने रिमोट घेतला, बेलूचा एक प्रसंग परत लावला आणि डोळे मिटून नुसता आवाज ऐकत बसली.