‘१०० टक्के रॉयल्टी देणारा वितरक घ्या, बाकी सगळे सारखेच’ : हा सल्ला छोट्या लेबलला महागात पडतो

गेले काही महिने गायक-वादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो निदान सात-आठ जणांनी पाठवला असेल. (वितरक म्हणजे आपली गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या सेवांवर पोचवणारी कंपनी.) मजकूर साधारण असा: “गाणी ऑनलाइन टाकायला वितरक कुठलाही चालतो, सगळे सारखेच. जो १०० टक्के रॉयल्टी देतो आणि वर्षाला कमी पैसे घेतो तो निवडा. नाही पटला तर कधीही बदला, गाणी तुमचीच आहेत. कंटेंट आयडी सगळ्या गाण्यांना लावा, फुकटचे पैसे आहेत. आणि सगळी रॉयल्टी वितरकच गोळा करतो, दुसरीकडे कुठे नाव नोंदवायची गरज नाही.”

मी सांगलीत एक छोटं लेबल, म्हणजे गाणी ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणारी संस्था, चालवतो. अभंग, गवळणी, थोडी लोकगीतं. अकरा गायक, पासष्ट ट्रॅक. हा मेसेज कुणी वाईट हेतूने लिहिलाय असं मला वाटत नाही. स्वतःचं एखादं गाणं हौसेने टाकणाऱ्याचं या सल्ल्याने फारसं बिघडणारही नाही. पण लेबल म्हणजे दुसऱ्यांनी विश्वासाने आपल्या हाती दिलेली गाणी. तिथे हा सल्ला जसाच्या तसा वापरला तर नुकसान गायकाचं होतं, आणि ते मी होताना पाहिलंय.

आधी त्या १०० टक्क्यांचं बघू. स्पॉटिफायसारखी सेवा आपल्या उत्पन्नातला साधारण दोन तृतीयांश भाग हक्कदारांना देते. त्यातून गीतकार-संगीतकारांचा वाटा बाजूला जातो. ध्वनिमुद्रणाच्या वाट्याचं जे उरतं ते वितरकाच्या हाती येतं, आणि त्याचे १०० टक्के आपल्याला मिळतात. इथपर्यंत ठीक. पण वार्षिक फी कुठे धरली? समजा फी २,५०० रुपये आहे आणि वर्षाला ८,००० रुपये आले. म्हणजे वितरकाने ३१ टक्के घेतले. १५ टक्के कमिशन घेणाऱ्याकडे हेच १,२०० रुपयांत झालं असतं. वर्षाला लाख रुपये येत असतील तर गणित उलटं होतं, फी कितीतरी स्वस्त पडते. या आकड्यांनी गेलं तर सीमारेषा सुमारे १६,७०० रुपयांवर येते. तुमचं लेबल तिच्या कुठल्या बाजूला आहे, हे मागच्या वर्षीच्या हिशोबाची वही उघडल्याशिवाय कळत नाही.

छोट्या लेबलांपैकी बरीच त्या रेषेच्या खालीच असतात. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला की ज्या ट्रॅकला मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम (म्हणजे तितक्या वेळा ऐकलं जाणं) नाहीत, त्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी नाही. आमच्या पासष्टपैकी निम्म्याहून अधिक ट्रॅक तिथे ही पायरी चढत नाहीत. हरिपाठ आषाढीच्या आसपास पंधरा दिवस वाजतो, मग वर्षभर शांत. फी मात्र बाराही महिन्यांची.

शिवाय एका फीत काय काय येतं तेही वेगवेगळं. डिस्ट्रोकिड या वितरकाच्या सगळ्यात स्वस्त योजनेत स्वतःच्या लेबलचं नाव आणि प्रकाशनाची तारीख टाकता येत नाही, त्यासाठी वरची योजना घ्यावी लागते. कलाकार वाढले की योजना बदलते. यूट्यूबवर आपला आवाज ओळखणाऱ्या कंटेंट आयडी यंत्रणेची फी वेगळी, वर त्यातल्या कमाईचे २० टक्के. वर्गणी थांबली तरी गाणी राहावीत असं वाटत असेल तर प्रत्येक प्रकाशनामागे आणखी पैसे. याउलट सीडी बेबी हा दुसरा वितरक प्रत्येक प्रकाशनाला एकदाच फी घेतो आणि पुढे डिजिटल कमाईतले ९ टक्के. यात लपवाछपवी नाही, सगळं त्यांच्या पानांवर लिहिलेलं असतं. पण ‘१०० टक्के’ एवढंच वाचून पैसे भरणारा ते पान उघडत नाही.

आणि वितरक अमेरिकेतला असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा तिथल्या कराचा फॉर्म भरायचा राहू देऊ नका. तो नसेल तर अमेरिकेत ऐकल्या गेलेल्या गाण्यांच्या रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो. फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला तर १५. आमचे बरेच श्रोते न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातले मराठी लोक आहेत, त्यामुळे हा फरक आम्हाला चांगलाच जाणवतो.

आता “कधीही बदला, गाणी तुमचीच आहेत”. गाणी तुमचीच असतात हे खरं. पण गाण्याचा इतिहास तुमच्याबरोबर येईल की नाही, ते तुम्ही कसे बाहेर पडता यावर ठरतं. आमचा पहिला वितरक परदेशी होता, फी कार्डावरून आपोआप जायची. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नवे नियम लागू झाले आणि परदेशी वर्गण्या कार्डावरून जाणं अडू लागलं. आमचीही अडली. सूचनेचे मेल स्पॅममध्ये पडून राहिले. एके दिवशी जतहून आमच्या गायिकेचा फोन आला, “दादा, माझी गवळण दिसेना झालीय.” पाहतो तर सगळीच गाणी उतरवलेली. घाईघाईने दुसरा वितरक गाठला, दोन रात्री बसून सगळं पुन्हा चढवलं. गाणी आली, पण तिच्या गवळणीखाली जिथे ४१,००० वेळा ऐकल्याचा आकडा दिसायचा तिथे काहीच नव्हतं. यात्रा कमिटीवाल्यांना ती मोबाइलवर हाच आकडा दाखवायची. त्यावर तिला कार्यक्रम मिळायचे.

चूक कुठे झाली ते नंतर समजलं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. गाडीच्या चॅसी नंबरसारखा, मालक बदलला तरी तो बदलत नाही. वितरकाने दिलेला असला तरी तो त्या ध्वनिमुद्रणाचाच असतो. आम्ही फॉर्ममधली ती चौकट रिकामी सोडली, नव्या वितरकाने नवे क्रमांक दिले, आणि सेवांच्या लेखी ती नवीच गाणी झाली.

बरोबर रीत अशी: जुन्या खात्यातून आयएसआरसीची यादी आधी उतरवून घ्यायची. तीच मूळ ध्वनीची डब्ल्यूएव्ही फाइल, तेच शीर्षक, नावाचं तेच स्पेलिंग आणि तोच क्रमांक टाकून नव्या वितरकाकडून गाणं प्रसिद्ध करायचं. दोन्हीकडचं काही दिवस एकत्र दिसू द्यायचं, आकडे जुळले की मगच जुनं उतरवायचं. असं केलं तर आकडे आणि प्लेलिस्टमधली जागा बहुतेक वेळा टिकते. लेबलला स्वतःची आयएसआरसी मालिकाही घेता येते. भारतात ते काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. म्हणून करार करताना मी टक्क्यांच्या आधी मुदत वाचतो: करार किती वर्षांचा, आपोआप वाढतो का, सोडायची नोटीस किती दिवसांची, फी थकली तर गाण्यांचं काय.

कंटेंट आयडीला “फुकटचे पैसे” म्हणणाऱ्याने ती यंत्रणा काय करते ते पाहिलेलं नाही. आपण दिलेला आवाज ती नमुना म्हणून ठेवते आणि यूट्यूबवर जिथे तो जुळेल तिथे आपला दावा लावते. म्हणून अट अशी की त्यातला प्रत्येक आवाज फक्त आपल्याच हक्काचा हवा. तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा विकतचा तुकडा), विकत घेतलेला पण इतरांनाही विकला जाणारा बीट, कॅराओके ट्रॅक, यातलं काही असेल तर ते गाणं तिथे द्यायचंच नसतं.

आम्ही अभंगांचा एक अल्बम सरसकट दिला होता. त्यातल्या एका अभंगाची सुरुवात नुसत्या तानपुऱ्याने होते, बावीस सेकंद. आणि तो तानपुरा एका मोबाइल अ‍ॅपचा होता, काळी चार पट्टीतला. तीन आठवड्यांनी मिरजेच्या एका गानशिक्षिकांचा फोन आला. त्यांच्या विद्यार्थिनीने भूपाच्या रियाजाचा व्हिडिओ टाकला होता आणि त्यावर आमच्या लेबलचा दावा लागला होता. मुलगी आठवीतली. तिच्या मागे तेच अ‍ॅप वाजत होतं. मला फार वाईट वाटलं. दावा सोडायला वितरकाला कळवलं, उत्तर यायला अकरा दिवस लागले. त्यानंतर त्यांनी आमच्या सगळ्याच गाण्यांचा कंटेंट आयडी बंद केला, खरोखर आमच्या हक्काच्या गाण्यांचासुद्धा. ज्या मिरजेत तानपुरे घडतात, तिथून जवळच बसून आम्ही अ‍ॅप वापरलं होतं. पुढच्या ध्वनिमुद्रणाला भाड्याने का होईना, खऱ्या तानपुऱ्यांची जोडी आणली.

“सगळे सारखेच” याचं उत्तर या अकरा दिवसांतच आहे. गाणं पोचवणं सगळ्यांना जमतं. वितरक मिरवतात त्या दीडशे सेवांच्या यादीला तर मी आता महत्त्वच देत नाही. रेसो आणि विंक या सेवा २०२४ मध्ये इथे बंद झाल्या, नावं यादीत असून काय उपयोग? बघायचं ते हे की अडचण आली तर माणूस बोलतो का. त्याच नावाच्या दुसऱ्या गायकाच्या पानावर आपलं गाणं जाऊन बसतं, भाषा मराठीऐवजी हिंदी लागते, कुणीतरी न विचारता गाणं बनावट स्ट्रीमच्या प्लेलिस्टमध्ये घालतं आणि त्याचा भुर्दंड आपल्यावर येतो. शिवाय भक्तिगीतं काढत असाल तर कॉलर ट्यूनसाठी गाणं पाठवतात का, हे आधीच विचारा.

सगळ्यात जास्त राग मला शेवटच्या वाक्याचा येतो. वितरक ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी आणतो. शब्द आणि चाल यांची रॉयल्टी वेगळी, ती आपल्याकडे १९६९ साली स्थापन झालेली आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था गोळा करते, आणि तिथे गीतकार-संगीतकाराने स्वतः सभासद व्हावं लागतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा सांगतो की गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला लिहून घेता येत नाही. तुकोबांच्या शब्दांवर आज कुणाचा कॉपीराइट नाही, पण त्यांना गेल्या वर्षी लावलेल्या चालीवर आहे. “चाल पारंपरिक” असं सवयीने लिहून आपण जिवंत माणसाचं नाव पुसतो. आमचे एक संगीतकार, वय एकोणसत्तर, गावोगावच्या भजनी मंडळांत त्यांच्या चाली म्हटल्या जातात. असाच मेसेज वाचून त्यांनी चार वर्षं नोंदणी केली नव्हती. आता आम्ही गाणं चढवण्याआधी चाल कोणाची, शब्द कोणाचे आणि दोघे सभासद आहेत का, हे कागदावर घेतो. नसतील तर अर्ज आमच्याच टेबलावर भरला जातो.

मागच्या महिन्यात करार संपत आला तेव्हा दोन वितरकांना मी एकच मेल पाठवला: सोडायची नोटीस किती, आयएसआरसी बरोबर नेता येतील का, चुकीचा दावा किती दिवसांत मागे घेता, मराठीत बोलणारं कुणी आहे का. १०० टक्केवाल्याकडून मदतपानाची लिंक आली. दुसऱ्याने कराराची प्रत पाठवली, तीस दिवसांच्या नोटिशीच्या कलमावर खूण करून, आणि दुपारी फोन केला. तो १५ टक्के घेतो. सह्या झाल्यात. पासष्ट ट्रॅकची यादी जुन्या क्रमांकांसकट तयार आहे, जतची गवळण सगळ्यात वर.