पापड भिजवणारा माणूस

माझं कोलेस्टेरॉल किती आहे याची चौकशी रांगेतल्या लोकांनी करावी, असा काही नियम नाही. परवा रविवारी वसईत पोर्कच्या दुकानावर, चर्चमधली मिस्सा (रविवारची प्रार्थना) सुटल्यानंतरच्या गर्दीत, ती झाली.

करायचं होतं व्हिएतनामी गोई कुओन. उकडलेल्या पोर्कचे पातळ काप, कोळंबी, तांदळाच्या शेवया, सॅलडचं पान, पुदिना, आणि हे सगळं तांदळाच्या पापडात गुंडाळायचं. तेलाचा थेंब नाही. तिकडे पोटाचं चरबीदार मांस घालतात, पण तिकडच्या लोकांचे रिपोर्ट माझ्या डॉक्टरांकडे जात नाहीत. म्हणून म्हणालो, "भाऊ, पाठीचं द्या, चरबी काढून. डॉक्टरांनी सांगितलंय."

भाऊंनी सुरा खाली ठेवला. "सगळी काढू?"

"सगळी."

"मग कोंबडी न्या ना साहेब. डुकराला कशाला त्रास?"

रांग हसली. इथवर ठीक होतं. पण माझ्या मागे फुलाफुलांच्या झग्यातल्या एक आंटी होत्या, त्यांना घाई नव्हती.

"काय करणार रे बाबा त्याचं?"

सांगितलं.

"पापड तळणार ना?"

"नाही आंटी, पाण्यात बुडवायचा. मऊ होतो."

"पापड भिजवणार?" त्या वळून मागच्या बाईंना म्हणाल्या, "अगं, हा पापड भिजवतोय!" ते वाक्य रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि तिथून प्रश्न होऊन परत आलं, "आजारी आहे का?"

"कोलेस्टेरॉल असणार," भाऊंनी निदान केलं. "किती आहे हो साहेब?"

"मसाला कुठला?" आंटी.

"मसाला नाही. लिंबू, मिरची, थोडी साखर. आणि माशांचा सॉस."

"डुकरावर मासे?" आंटींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. मग माझ्या आत्म्याची सोय लावून त्या मुद्द्यावर आल्या. इंद्याल कर, आपलं आंबट-तिखट पोर्क. व्हिनेगर घाल. बाटली मसाला नसेल तर घरून देते. हा मसाला मिरच्या उन्हात वाळवून, सगळं भाजून, कांडून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांनी ते पहिल्यापासून सांगितलं आणि भाऊ सुरा धरून ऐकत राहिले. माझं मांस तसंच पडलेलं.

मला खरा राग याचा नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये हीच काळी पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरलं की लोक आधी पिशवीकडे बघतात, मग छताकडे. रविवारी मटणाचा वास चार मजले पसरवणारे स्वतः मला "तुम्ही *ते* पण खाता?" असं विचारतात. बरं, खातो. मग जिथे *ते* खाणाऱ्यांचीच रांग आहे, तिथे तरी माणसाला उजळ माथ्याने अर्धा किलो घेता यावं! तर तिथे मी पुरेसा खात नाही म्हणून हसतात. म्हणजे जायचं कुठे?

घरी वेगळी अडचण. "पोर्क आहे, सहा शिट्ट्या हव्यात," बायको म्हणाली. मांसाच्या अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सिअस आणि वर ३ मिनिटं विसावा पुरतो, हे मी थर्मामीटर दाखवून सांगितलं. चरबी नसलेलं मांस त्यापुढे नेलं तर वातड होतं. तिने थर्मामीटर बघितला आणि विचारलं, "हा तापाचा नाही ना?"

पापडांचं पाकीट तर दिवसाढवळ्या लूट आहे. पातळ पीठ कापडावर वाफवायचं आणि बांबूच्या तट्ट्यावर वाळवायचं, बस. तट्ट्याची जाळी त्यावर उमटलेलीसुद्धा दिसते. आपल्याकडे फेण्या अशाच वाफवून वाळवतात, पण त्याचे कोणी एवढे पैसे लावत नाही. वर तो पापड पाण्यात जरा जास्त राहिला की स्वतःलाच चिकटतो, आणि सोडवायला गेलं की फाटतो. मुलीने तयार गुंडाळी उजेडाकडे धरली, आतली गुलाबी कोळंबी न्याहाळली आणि शेजवान चटणी मागितली.

येत्या रविवारी आंटींनी जेवायला बोलावलंय. इंद्याल आहे, चरबीसकट. जाणार आहे. पण राग ठेवूनच जेवणार.