‘पानकाढा’ लावण्याआधी

मराठी विकिपीडियावर एके काळी मी दिसेल त्या पानावर ‘पानकाढा’ साचा, म्हणजे ‘हे पान वगळा’ अशी पाटी, लावायचो. संदर्भ नाही, चारच ओळी, उल्लेखनीयता, म्हणजे इतरत्र घेतलेली पुरेशी दखल, दिसत नाही. लाव साचा, चल पुढे. भाषादिनाच्या एका कार्यशाळेत एका मुलीने आपल्या तालुक्यातल्या शाहिरावर लिहिलं होतं. त्यावरही मी साचा लावला आणि पान गेलं. काही महिन्यांनी रद्दीतल्या एका दिवाळी अंकात त्याच शाहिराची सहा पानी मुलाखत सापडली. मी तिच्या चर्चापानावर निरोप ठेवला, पण ती पुन्हा फिरकली नाही. चूक माझी होती. अजून सलते.

गाळणी हवीच. जाहिरात, बदनामी, दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला मजकूर ताबडतोब काढावा, त्यावर काथ्याकूट नको. पण ‘उल्लेखनीय नाही’ म्हणायचं तर आधी शोधायला हवं, आणि आपल्याकडे गूगल करून भागत नाही. जिल्ह्याच्या दैनिकांचे जुने अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ यांतलं कितीतरी अजून वाचनालयांच्या कपाटात आहे.

इंग्रजी विकिपीडियाचे हात तर केवढे! तिथेही मे २०१८ मध्ये डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा संदर्भ अपुरे म्हणून नाकारला गेला. २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेही १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या लेसरवरच्या कामासाठी. म्हणजे काम तेहतीस वर्षं जगासमोर होतं.

तिथल्या वगळण्याच्या पानाच्या नावात पूर्वी ‘मतं’ हा शब्द होता. २००५ मध्ये तो काढला, कारण हात मोजायचे नसतात, कारणं तोलायची असतात. चर्चा साधारण सात दिवस चालते. आपल्याकडे चर्चेला दोघं आले तरी खूप. म्हणूनच कोणी बोललं नाही याचा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असा धरू नये. साचा लावणाऱ्यानेच पान वगळू नये, दुसऱ्याने बघावं. पानं वगळण्याचा अधिकार असलेले प्रचालक मोजके आहेत, मान्य, मग पान आठवडाभर थांबू दे. एका आठवड्याने ज्ञानकोशाचं काही बिघडत नाही.

आणि लिहिणाऱ्याला सरळ मराठीत सांगा: काय कमी आहे, कुठे शोधता येईल. नुसता नियमाचा दुवा चिकटवू नका. मजकूर त्याच्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, हलवा. वगळलेलं पान प्रचालकांना परत आणता येतं, पण नव्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला फक्त आपलं लिखाण नाहीसं झालेलं दिसतं.

त्या शाहिराचं पान मी नव्याने लिहू शकलो असतो, अंक माझ्याजवळ आहे. पण मग पानाच्या इतिहासात पहिलं नाव माझं लागेल. म्हणून जुनंच पान पुनर्स्थापित करावं अशी विनंती आज चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, टाकली आहे. मुलाखतीचा संदर्भ मी जोडतो.